डिस्क दिसत नाहीं म्हणजे काय?

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांतील संगणक पूर्वींच्या शिवणयंत्रासारखा सर्वांच्या मालकीचा असतो. सकाळीं त्यावर मुलांचा अभ्यास होतो, दुपारीं कोणी विजेचें बिल भरतें, रात्रीं परदेशांतील नातवंडांचें मुखदर्शन होतें; आणि तो सर्वांचा असल्यामुळें त्याची निगा राखणें हें कोणाच एकाचें काम नसतें. आमचें घर याला अपवाद नव्हतें. त्याचें प्रायश्चित्त आम्हांस गेल्या आषाढांत मिळालें. त्या प्रसंगीं जें शिकावें लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

हा विषय हल्लीं पुष्कळ घरांच्या दाराशीं येऊन ठेपला आहे, याला एक बाहेरचें कारणही आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. तेव्हांपासून कोणी जुन्या यंत्रावर, कोणी नव्या यंत्रावर, विंडोज ११ किंवा लिनक्स स्वतःच्या हातानें बसवूं पाहत आहे. पेन ड्राइव्ह लावावा आणि पडद्यावरील प्रश्नांना होकार देत जावें, इतकें तें काम सोपें झालें आहे. मग अर्ध्या वाटेवर, प्रणाली कोणत्या डिस्कवर बसवावयाची असें विचारणाऱ्या पानावर, यादीच्या जागीं कोरी चौकट दिसते. काल संध्याकाळपर्यंत जिच्यांत घरचा सारा दफ्तरखाना होता ती डिस्क नाहींच! माणूस गांगरतो, आणि गांगरलेला माणूस पहिल्या भेटेल त्या वैद्याचें म्हणणें खरें मानतो.

आमच्या यंत्रांतील दफ्तरखाना म्हणजे मुख्यतः वहिनींचा कुलवृत्तांत. विसाव्या शतकांत कोंकणांतील कितीतरी घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत छापून काढले. आमच्या घराण्याचा राहून गेला होता. थोरल्या वहिनींनीं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं तो हातीं घेतला. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नांवें, माळ्यावरच्या पेटींतील मोडी पत्रें, जुन्या लग्नपत्रिका, माहेरवाशिणींच्या तोंडच्या आठवणी असें सर्व जमवून त्यांनीं तीन वर्षांत अकरा पिढ्यांचीं सुमारें सव्वातीनशें पानें टंकलिखित केलीं. घराण्यांत आलेल्या सुनांचीं माहेरचीं नांवें त्यांनीं विशेष जिद्दीनें शोधून काढलीं होतीं. जुन्या कुलवृत्तांतांत ही जागा पुष्कळदां रिकामी आढळते. ज्या आत्याबाईंनीं यांपैकीं निम्मीं नांवें सांगितलीं त्या मध्यंतरीं निवर्तल्या. तेव्हां तें पुस्तक आतां दुसऱ्या कोणाला पुन्हां लिहितां येण्यासारखें नव्हतें.

आणि या सव्वातीनशें पानांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. पनवेलनजीक २०२० सालीं योट्टा कंपनीचें प्रचंड डेटा सेंटर सुरू झालें. देशांतील मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. त्याच्या शेजारीं राहून आमच्या घरीं एका पुस्तकाची दुसरी प्रत नसावी! पाटी पुसण्यापूर्वीं वहींत उतरून घ्या, असें पस्तीस वर्षें वर्गांत सांगणारा मी. दोष दुसऱ्या कोणास देऊं?

प्रसंग असा घडला. आषाढांतील एका संध्याकाळीं विंडोजचें अद्ययावतीकरण चालू असतां वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हांच निकामी झालेली असल्यामुळें यंत्र तत्क्षणीं मिटलें. वीज आल्यावर निळा पडदा, दुरुस्ती चालू असल्याची सूचना, पुन्हां निळा पडदा. रात्रभर हेंच रहाटगाडगें. दुसऱ्या दिवशीं एका दुकानांत यंत्र नेलें. तेथील तरुणानें आपला पेन ड्राइव्ह लाविला, ती कोरी चौकट पाहिली आणि निकाल दिला, “आजोबा, डिस्क गेली. नवी टाकूं. आंतला डेटा पाहिजे असेल तर मुंबईला पाठवावी लागेल. अठरा-वीस हजार लागतील, आणि मिळेलच असें नाहीं.”

मीं घरीं येऊन सांगितलें तेव्हां वहिनी फुलवाती करीत बसल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, पुन्हां तेवढें लिहायला माझे डोळे पुरायचे नाहींत.” मोतिबिंदूची एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हावयाची. मीं संध्याकाळीं जाऊन यंत्र तसेंच परत आणलें.

वहिनींची नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर ती आणि मी ओसरीवर बसलों. दुकानदारानें केलें तेंच आम्ही पुन्हां केलें आणि त्याच पानावर येऊन पोंचलों. फरक इतकाच कीं, पडद्यावरील वाक्य आम्ही शेवटपर्यंत वाचलें. कोणतीही डिस्क सांपडली नाहीं, हें त्याचें पहिलें अर्ध. डिस्कचा ड्रायव्हर द्यावयाचा असल्यास ‘लोड ड्रायव्हर’ हें बटन दाबावें, हें दुसरें. शास्त्रग्रंथ शिकतांना पूर्वपक्ष वाचून पुस्तक मिटणाऱ्या विद्यार्थ्याला गुरुजी उठवून उभा करीत. त्या दुकानांत तोच प्रकार झाला होता.

ड्रायव्हर हा शब्द ऐकला कीं आपल्या डोळ्यांपुढें एस. टी. हांकणारा गृहस्थ उभा राहतो. मराठींत त्याला ‘चालक’ म्हणूं पाहतात तें त्यामुळेंच. मला तें नांव पटत नाहीं. काम पाहतां तो दुभाषी आहे. विंडोज किंवा लिनक्स ही प्रणाली आपल्या भाषेंत आज्ञा करते, डिस्क आपल्या भाषेंत उत्तर देते, आणि मध्यें जो लहानसा कार्यक्रम एकाचें दुसऱ्यास समजावून देतो तो ड्रायव्हर. दुभाषी गैरहजर असला म्हणजे वकील दरबारांत हजर असूनही दरबाराच्या लेखीं तो आलाच नाहीं. डिस्क धडधाकट असून ‘दिसत नाहीं’ ती अशी.

या डिस्कांच्या बोली पिढीगणिक बदलत आल्या आहेत. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली डिस्क बाजारांत आणली, तिला चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. त्या काळापर्यंत मागें जाण्याचें आपल्याला कारण नाहीं. घरगुती संगणकापुरतें पाहिलें तरी, २००४ च्या सुमारास ‘एएचसीआय’ नांवाची रीत आली, २०११ सालीं ‘एनव्हीएमई’ ही त्याहून वेगवान रीत आली. विंडोज एक्सपी निघाली २००१ सालीं. तिला एएचसीआय ठाऊक असणें शक्यच नव्हतें. विंडोज ७ निघाली २००९ सालीं. तिला एनव्हीएमई डिस्क दिसत नाहीं. व्याकरण आधीं आणि भाषा मागून, असा हा उलटा क्रम असल्यामुळें नव्या यंत्रावर जुनी प्रणाली बसवितांना ही अडचण नेहमींच येत राहिली आहे.

मला तिची पहिली ओळख शाळेंत झाली होती. वीसएक वर्षांपूर्वीं शाळेच्या प्रयोगशाळेंत नवे संगणक आले आणि एक्सपीच्या तबकडीला त्यांच्या डिस्का दिसेनात. पडद्याच्या तळाशीं एक ओळ क्षणभर चमकून जाई: ‘दुसरा ड्रायव्हर द्यावयाचा असल्यास एफ-सिक्स दाबा.’ दाबल्यावर यंत्र फ्लॉपी मागे. नव्या संगणकांना फ्लॉपीचें तोंडच ठेविलेलें नव्हतें! आमच्या शिपायानें अडगळींतून एक जुनें यंत्र काढून त्याचा फ्लॉपीचा डबा सोडविला आणि बाहेरून तारा जोडून दिल्या, तेव्हां कोठें काम झालें. गंमत अशी कीं, आज इंटेल कंपनीच्या ड्रायव्हरांच्या ज्या फोल्डरांत आपल्याला जावें लागतें त्याच्या नांवांत ‘एफ-सिक्स’ आणि ‘फ्लॉपी’ हीं दोन्ही अक्षरचिन्हें अजून आहेत. वस्तु गेली, तर्पणापुरतें नांव उरलें.

येथें सूक्ष्म वाचकाच्या मनांत एक शंका यावी. दुभाषी राहतो डिस्कवर. आणि दुभाष्यावांचून डिस्क वाचतां येत नाहीं. तर मग रोज सकाळीं यंत्र चालू होतें तें कसें? नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात तोच हा. त्याचा परिहार असा. यंत्राच्या मुख्य फळीवर बायॉस, किंवा हल्लींच्या भाषेंत युईएफआय, नांवाचा एक मूळचा कारभारी कोरून ठेविलेला असतो. त्याला डिस्कशीं अगदीं कामापुरतें बोलतां येतें. तो प्रणालीचा गाभा आणि त्याबरोबर दुभाष्याला डिस्कवरून उचलून स्मृतींत आणून सोडतो व आपण बाजूला होतो. पुढील सर्व संभाषण दुभाष्यामार्फत. बाजूला होण्याच्या त्या क्षणीं दुभाषी चुकीच्या भाषेचा निघाला, तर सुरू झालेलें यंत्र अकस्मात् थांबतें आणि निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशीं अक्षरें उमटतात.

या विवेचनांतून परीक्षेची एक सोपी रीत निघते, आणि डिस्क बदलण्यापूर्वीं ती प्रत्येकानें करावीच. यंत्र सुरू करतांना एफ-टू, एफ-टेन, डिलीट यांपैकीं त्या त्या कंपनीनें ठरविलेली कळ दाबून बायॉसच्या पानावर जावें. तेथें डिस्कचें नांव आणि तिची क्षमता लिहिलेली दिसली, तर डिस्क विजेच्या आणि तारेच्या बाजूनें जिवंत आहे, दुभाषी शोधावा. तेथेंही ती नसेल, तर मात्र जोड सैल झाला असेल किंवा डिस्क खरोखर निवर्तली असेल. जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास ती पुन्हां पुन्हां चालू करूं नये. तें काम जाणत्याचें. आमच्या बायॉसमध्यें डिस्कचें नांव आणि पांचशें बारा जीबी हा आंकडा स्वच्छ लिहिलेला होता. नातीनें मोठ्यानें वाचून दाखविला. आंतल्या खोलींत वहिनींचा दिवा अजून चालू होता.

मग दुभाषी हरवला कसा? यंत्र २०२१ सालचें, आंत इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर, डिस्क एनव्हीएमई. आणि ही बोली विंडोज ११ ला उत्तम येते. अडचण मधल्या देवडीची होती. इंटेलनें ‘व्हीएमडी’ नांवाची एक व्यवस्था प्रथम मोठ्या सर्व्हरांकरितां काढली. यंत्र चालू असतां एखादी डिस्क काढतां-घालतां यावी, अनेक डिस्का एकत्र हांकतां याव्या, हा तिचा हेतु. आमच्या पनवेलच्या डेटा सेंटरासारख्या ठिकाणीं तिचें प्रयोजन समजतें. २०२० पासून अकराव्या पिढीबरोबर ती घरगुती लॅपटॉपांतही आली, आणि पुष्कळ यंत्रांत ती कारखान्यांतूनच चालू करून येते. एकच डिस्क असलेल्या माणसाच्या दारांत चौघडा बसवावा, असा हा प्रकार मला वाटतो. व्हीएमडी चालू असली म्हणजे डिस्क देवडीच्या आंत जाते, आणि देवडीवरच्या कारकुनाची भाषा येणारा दुभाषी बरोबर नसेल तर आंत कोण राहतें हें विंडोजच्या स्थापकाला कळत नाहीं. कारखान्यांतून आलेल्या प्रणालींत तो दुभाषी बसविलेला असतो. आपण कोऱ्या पेन ड्राइव्हवर उतरविलेल्या प्रणालींत पुष्कळदां नसतो. यंत्र इतके दिवस चालत होतें आणि नव्यानें बसवूं जातां डिस्क दिसेना, त्याचा उलगडा इतकाच.

दुभाष्याचें नांव ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’. तो ज्या कंपनीचा लॅपटॉप असेल तिच्या संकेतस्थळावर, यंत्राच्या पाठीवर लिहिलेल्या मॉडेल-क्रमांकाखालीं मिळतो. तेथें न मिळाल्यास इंटेलकडे. दुसऱ्या संगणकावर तो उतरवून घ्यावा. सर्वांत नवा तोच चांगला, असें समजूं नये. आपल्या प्रोसेसरच्या पिढीशीं त्याचें गोत्र जुळावें लागतें. आमच्याकडे पहिली चूक येथेंच झाली. उतरविलेली एक फाइल आम्ही जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर ठेविली. स्थापकाला ती दिसलीसुद्धां नाहीं. कारण ती ‘ईएक्सई’ जातीची, म्हणजे बांधलेलें गांठोडें. चालू विंडोजमध्यें तें आपलें आपण सुटतें, स्थापकाला तें सोडतां येत नाहीं. त्याला आंतील ‘आयएनएफ’ जातीची फाइल आणि तिचे सोबती मोकळे लागतात. कांहीं कंपन्या ते मोकळे करून देतात. नाहींतर दुसऱ्या संगणकावर त्या गांठोड्याला ‘एक्स्ट्रॅक्ट-ड्रायव्हर्स’ ही आज्ञा जोडून तें सोडवावें लागतें. नातीनें तें केलें, तेव्हां रात्रीचे साडेअकरा झाले होते.

पुन्हां कोरी चौकट. ‘लोड ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज’, मग पेन ड्राइव्हवरील तें फोल्डर. या वेळीं यादींत दोन ओळी आल्या, त्यांतील एकींत व्हीएमडी आणि ‘९ए०बी’ हा संकेत होता. अकराव्या पिढीची ती खूण, बाराव्या पिढीस बहुधा ‘४६७एफ’ असतो. यादी रिकामी राहिली तर तेथील ‘न जुळणारे ड्रायव्हर लपवा’ या चौकोनांतील खूण काढून पाहावी. इतर पिढ्यांचीच नांवें दिसूं लागलीं तर आपण चुकीचें गांठोडें आणलें आहे असें समजावें. आम्ही ती ओळ निवडून पुढें गेलों. क्षणभर ठिपके फिरले आणि चौकटींत डिस्क तिच्या चार भागांसह येऊन उभी राहिली.

या जागीं हातांना आवर घालावयाचा असतो. समोर ‘डिलीट’ आणि ‘फॉरमॅट’ हीं दोन बटनें असतात. डिस्क दिसल्याच्या आनंदांत जो तीं दाबतो तो तिला खरोखर मारतो. आम्हांला अजून प्रणाली बसवावयाची नव्हतीच. आधीं पुस्तक बाहेर काढावयाचें होतें. स्थापकाच्या पानावर असतांना शिफ्ट आणि एफ-टेन या कळा एकदम दाबल्या म्हणजे काळा पडदा उघडतो. त्यांत ‘नोटपॅड’ असें लिहिलें कीं साधी लिहिण्याची पाटी येते, आणि तिच्या ‘ओपन’ या आज्ञेंतून सर्व डिस्क धुंडाळतां येते. स्थापकांत डिस्कांचीं अक्षरें बदललेलीं असतात. घरची ‘सी’ येथें ‘डी’ झालेली आढळेल. आम्ही ती उघडूं गेलों आणि कळलें कीं तिला कुलूप आहे.

हें कुलूप आम्ही लाविलेलें नव्हतें. मायक्रोसॉफ्टचें खातें जोडून लॅपटॉप प्रथम सुरू केला म्हणजे पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली त्या खात्यांत जाऊन बसते. चोरीच्या दृष्टीनें सोय चांगली; पण घरांतील कोणास तिचा पत्ता नसतो. आमचा लॅपटॉप वहिनींच्या थोरल्या मुलानें घेऊन दिलेला, खातें त्याचें, आणि तो न्यू जर्सीला. पहाटे सहाला फोन केला, तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. त्याला खात्यांत किल्ली सांपडली. “काका, लिहून घ्या,” म्हणून त्यानें सहा-सहा आंकड्यांचे आठ गट वाचून दाखविले आणि मीं शुद्धलेखनासारखे उतरून घेतले. नातीनें ते काळ्या पडद्यावर टाइप केले. कुलूप उघडेना. दुसऱ्यांदा नीट पाहून टाइप केले, तरी उघडेना. फोनवर पावसाची खरखर, त्याला पुन्हां लावूं तर लागेना.

तेव्हां नातीनें तिच्या लॅपटॉपवर शोधून एक गोष्ट काढली, आणि ती कळतांच माझा जीव भांड्यांत पडला. कारण पुढचें काम माझें होतें. या किल्लींतील सहा आंकड्यांचा प्रत्येक गट अकरानें निःशेष भागला जातो. मुद्दाम तशीच तिची रचना केलेली असते, लिहितांना चूक झाली तर पकडतां यावी म्हणून. अकराची कसोटी जुन्या अंकगणितांत सर्वांनीं केलेली आहे: एकाआड एक आंकड्यांच्या दोन बेरजा घ्याव्या, त्यांचें अंतर शून्य किंवा अकराच्या पटींत आलें पाहिजे. खरी किल्ली येथें छापतां येत नाहीं; नमुन्यासाठीं ४१२११५ हा गट घ्या. पहिला, तिसरा, पांचवा मिळून सात, दुसरा, चौथा, सहावा मिळून सात, अंतर शून्य. मीं वहींतील आठही गट तपासले. सात जुळले. सहाव्यांत अंतर चार येत होतें, आणि त्याच्या शेवटीं मीं नऊ लिहिला होता. पुतण्या इंग्रजींत आंकडे सांगत होता. पावसांत त्याचा ‘फाइव्ह’ मला ‘नाइन’ ऐकूं आला होता. नवाच्या जागीं पांच घातला, गट जुळला, कुलूप उघडलें. निवृत्तीनंतर अंकगणिताचा इतका आनंद मला दुसऱ्या कोणत्याही दिवशीं झाला नाहीं.

पुढचें थोडक्यांत. नोटपॅडच्या त्या ‘ओपन’ खिडकींत खालीं ‘ऑल फाइल्स’ निवडावें लागतें, नाहींतर कांहींच दिसत नाहीं. वहिनींचें फोल्डर उजव्या बटनानें ‘कॉपी’ करून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ‘पेस्ट’ केलें. या वेळीं पडदा गोठल्यासारखा दिसतो. घाबरून कळा दाबूं नयेत. नातीच्या लॅपटॉपवर फाइल उघडून पहिलें, मधलें आणि शेवटचें पान पाहिल्यावरच आम्ही विंडोज बसविण्यास हात घातला. वहिनींना उठवावें लागलें नाहीं. त्या चहा टाकून दारांत उभ्या होत्या.

व्हीएमडी बायॉसमधून बंद करावी म्हणजे वेगळ्या दुभाष्याची जरूरच नाहीं, असा दुसरा मार्ग बरेच जण सांगतात. डिस्क एकच असेल आणि प्रणाली नव्यानेंच बसवावयाची असेल तर तो बरोबर आहे; एका कंपनीच्या यंत्रांत तर कंट्रोल आणि एस दाबल्यावांचून तो पर्याय दिसतही नाहीं, म्हणून न दिसल्यास मॉडेलची माहिती वाचावी. परंतु जी विंडोज चालू स्थितींत आहे तिच्याखालून ही व्यवस्था काढून घेतली तर तोच निळा पडदा येतो. तसें कोणी केलेंच असेल तर बायॉसमध्यें जाऊन ती पूर्ववत् चालू करावी, यंत्र बहुधा मुकाट्यानें उठतें. दोन डिस्का जोडून एक केलेल्या यंत्रांत मात्र याला हात लावूं नये. आणि ‘मीडिया ड्रायव्हर’ हवा अशी सूचना आली तर डिस्कवर संशय घेण्यापूर्वीं पेन ड्राइव्ह दुसऱ्या भोंकांत लावून पाहावा, अगर तो नव्यानें तयार करावा. पुष्कळदां खोट त्यांतच असते.

ज्यांना विंडोजचा आग्रह नाहीं त्यांनीं लिनक्स पाहण्यासारखी आहे. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’, किंवा उबंटूसारखी दुसरी एखादी, पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येते. डिस्कला हातही लागत नाहीं. आजच्या लिनक्सच्या गाभ्यांत व्हीएमडीचा दुभाषी मूळचाच असतो, त्यामुळें विंडोजला न दिसणारी डिस्क तेथें अनेकदां सहज दिसते आणि कागदपत्रें काढून घेतां येतात. कुलूप असेल तर किल्ली तेथेंही लागतेच.

आमची विंडोज दुपारपर्यंत बसली. शेवटीं वाय-फाय लागेना, कारण त्याचाही दुभाषी बरोबर घेतलेला नव्हता. नातीनें मोबाइल तारेनें जोडून त्याचें इंटरनेट यंत्राला दिलें व तो मिळविला. आतां आमच्याकडे एका पेन ड्राइव्हवर दोन्ही ड्रायव्हर मोकळे करून ठेविले आहेत, वर कापडी चिकटपट्टीवर यंत्राचें नांव लिहून. अठ्ठेचाळीस आंकडे माझ्या पंचांगाच्या मागील पानावर आहेत, आणि एक प्रत पुतण्याकडे. कुलवृत्तांताच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं आहेत. तिसरी छापून माळ्यावरच्या मोडी पत्रांच्या पेटींत ठेविली. वहिनी नवव्या पिढीच्या दोन सुनांचीं नांवें अजून शोधीत आहेत.

तो पेन ड्राइव्ह घेऊन मी एकदां त्या दुकानांत गेलों होतों. तरुणानें रागावण्याऐवजीं खुर्ची दिली, चहा मागविला आणि सर्व पाहून घेऊन आपल्याकडे त्याची प्रत केली. त्यानंतर त्याच्याकडे आलेल्या दोन यंत्रांच्या डिस्का त्यानें बदलल्या नाहींत, असें तो परवां बाजारांत भेटला तेव्हां म्हणाला.